लाट आहे, पण उकल आहे का?

औषधांच्या चाचण्यांमधून उंदीर, ससे आणि कुत्रे हळूहळू बाहेर पडत आहेत. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. मार्च २०२३ मध्ये आपल्याकडेही नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि पेशींवरचे प्रयोग, चिपवरचे अवयव यांच्या जोडीने संगणकावरच्या प्रारूपांनाही जागा मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्राण्यांचा वापर कमी करण्याचा आराखडाच जाहीर केला. मला याचा आनंदच आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला बेडकाच्या मानेत सुई घालताना माझा हात थरथरला होता, आणि त्यातून मी जे शिकलो ते चांगल्या आकृतीतूनही शिकलो असतो.

अलीकडे राऊंडच्या वेळी एका रेसिडेंटने विचारलं, "सर, म्हणजे यापुढे औषध हृदयाला घातक आहे की नाही हे कॉम्प्युटरच सांगणार ना?" मी म्हटलं, बऱ्याच अंशी हो. पण कॉम्प्युटरमध्ये हृदय नसतं, समीकरणं असतात. समीकरणांबद्दल गणितवाले एक प्रश्न सगळ्यात आधी विचारतात आणि आपण डॉक्टर तो कधीच विचारत नाही: या समीकरणाला उकल आहे तरी का? तो हसला. त्याला वाटलं, सर नेहमीसारखे भरकटले. राऊंडमध्ये उत्तर पुरं झालं नाही, म्हणून ते इथे.

हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक लाट. वरच्या कप्प्यातल्या एका ठिणगीतून ती निघते आणि स्नायूभर पसरते. ती जिथे पोचते तिथला स्नायू आकुंचन पावतो. ही लाट समुद्राच्या लाटेसारखी नाही. दोन बाजूंनी आलेल्या समुद्राच्या लाटा एकमेकींतून आरपार जातात. हृदयातली लाट वणव्यासारखी असते. मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीच्या उतारावर वाळलेल्या गवताला लागलेली आग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. अर्धवट पेटलेल्या काडीने अर्धा वणवा लागत नाही. एक तर लागतो, नाही तर विझतो. तो पुढे सरकताना मागे राख सोडतो आणि राख पुन्हा पेटत नाही. दोन वणवे समोरासमोर आले तर दोन्ही विझतात, कारण पुढे जायला गवतच उरत नाही. हृदयात फरक एवढाच, की 'गवत' साधारण पाव ते तीन दशांश सेकंदात पुन्हा उगवतं आणि पुढच्या ठोक्याला तयार होतं.

कारण दुप्पट केलं की परिणाम दुप्पट, असा हिशेब जिथे चालत नाही त्याला गणितात अरेषीय म्हणतात. वणवा अरेषीय, नसेतला संदेश अरेषीय, हृदयाची लाटही अरेषीय. अशा लाटांची समीकरणं लिहिता येतात. सोडवणं मात्र वेगळी गोष्ट.

समीकरण म्हणजे उत्तर नव्हे, ती अटींची यादी असते. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर लोक लिहितात तशी: उंची इतकी, पगार इतका, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, कर्ज नको, एकत्र कुटुंब नको, पण आईवडिलांचा आदर करणारा हवा. फॉर्म व्यवस्थित भरलेला असतो, छापूनही येतो. त्या सगळ्या अटींत बसणारा मुलगा पृथ्वीवर आहे की नाही हे फॉर्मवरून कळत नाही. एकही नसेल किंवा चार असतील. फ्रेंच गणिती जाक आदामार यांनी १९०२ मध्ये हाच मुद्दा गंभीरपणे मांडला. भौतिक जगाचं समीकरण नीट म्हणायचं तर तीन गोष्टी हव्यात: उकल असली पाहिजे, ती एकच असली पाहिजे, आणि सुरुवातीच्या माहितीत थोडा फरक पडला तर उत्तरात थोडाच फरक पडला पाहिजे. संगणकाला या तिन्हींशी देणंघेणं नसतं. त्याला अटी दिल्या की तो काहीतरी छापतोच, मंडळवाले काहीतरी फोटो दाखवतात तसा.

मेडिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हॉजकिन आणि हक्स्ली ही नावं पाठ केलेली असतात. मीही केली होती. इंग्लंडच्या या दोघांनी माकुलाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून संदेश कसा धावतो याची समीकरणं १९५२ मध्ये मांडली आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ती उकलताना काय झालं हे मात्र मी फार उशिरा वाचलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा दुरुस्तीसाठी सहा महिने बंद होता, म्हणून हक्स्ली यांनी हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. पूर्ण समीकरण, ज्यात विजेचा दाब जागेनुसारही बदलतो आणि वेळेनुसारही, त्या यंत्राला झेपणारं नव्हतं. म्हणून त्यांनी एक गृहीत धरलं: लाट आपला आकार न बदलता एकाच वेगाने धावते. मग फक्त तो वेग ओळखायचा उरला.

वेगाचा एक अंदाज घ्यायचा आणि यंत्र फिरवायचं. अंदाज जरा कमी पडला की हिशेबातला दाब एका बाजूला अनंताकडे पळायचा. जरा जास्त झाला की उलट्या बाजूला. या दोन पळापळींच्या मधे कुठेतरी असा वेग होता की दाब वर चढून शहाण्यासारखा खाली येत होता. अनेक आठवड्यांच्या मेहनतीनंतर त्यांना तो मिळाला: सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष मज्जातंतूत मोजलेला वेग होता २१.२ मीटर. वैद्यकशास्त्रात इतकं जवळचं भाकीत क्वचितच दिसतं, आणि जगाने टाळ्या वाजवल्या.

गणितवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. डावीकडे पळणारी आणि उजवीकडे पळणारी अशी दोन उत्तरं सापडली म्हणून मधे न पळणारं एक असेलच, हे दिसतं खरं. पण दिसणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. अशी लाट या समीकरणांत खरोखर अस्तित्वात आहे याची सिद्धता १९७० च्या दशकात, काही अटींसह, अमेरिकेतल्या स्टुअर्ट हेस्टिंग्ज आणि गेल कार्पेंटर यांनी स्वतंत्रपणे दिली. म्हणजे समीकरण लिहिल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, आणि नोबेल मिळून दशक उलटल्यावर.

मग त्याआधी काय बिघडलं होतं? काहीच नाही, असं माझ्यातला डॉक्टर म्हणतो. नस धावत होती, रुग्ण पाय हलवत होते. पण १९५९ मध्ये स्वतः हक्स्ली यांनी एक वेगळी गोष्ट दाखवली होती. त्याच समीकरणांत आणखी एक लाट आहे: बुटकी आणि संथ. सगळ्या अटी तीही पाळते. फक्त ती पेन्सिल टोकावर उभी करावी तशी आहे. जराशी धक्क्याने हलली की एक तर विझते, नाही तर मोठ्या लाटेत बदलते. प्रयोगात ती दिसत नाही. म्हणजे आदामार यांच्या तीन प्रश्नांपैकी दुसरा, 'एकच आहे का?', इथे सरळ नापास होतो, आणि निसर्ग कोणती लाट निवडतो हे कळायला तिसरा प्रश्न विचारावा लागतो. संगणकाच्या पडद्यावर आलेली लाट या दोनपैकी कोणती, हे पडदा सांगत नाही.

आता हृदयाकडे येतो, कारण तिथे हा प्रश्न जिवाचा होतो.

अचानक कोसळून जाणाऱ्या माणसाच्या हृदयात बहुतेक वेळा लाट थांबलेली नसते, ती गोल फिरत असते. पुढे सरकून विझण्याऐवजी ती स्वतःच्याच शेपटीमागे धावते, तिच्यातून आणखी भोवरे फुटतात आणि हृदय पिशवीतल्या गांडुळांसारखं नुसतं वळवळतं. यालाच आम्ही व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतो. शॉक देतो तो ही लाट एकदम विझवण्यासाठी. सगळं रान एकाच वेळी पेटवलं की वणव्याला जायला जागा राहत नाही.

लाट गोल कधी फिरू शकते? जॉर्ज राल्फ माइन्स या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या हृदयाची कडी कापून याचं उत्तर १९१३-१४ मध्ये दिलं, आणि १९१४ मध्येच वयाच्या २८ व्या वर्षी तो प्रयोगशाळेत बेशुद्ध सापडून वारला. त्याचं उत्तर पाटीवर मांडता येतं. निरोगी हृदयाच्या स्नायूत लाट सेकंदाला साधारण अर्धा मीटर धावते. मागचा स्नायू पुन्हा तयार व्हायला साधारण ०.३ सेकंद लागतात. म्हणजे लाटेचं डोकं आणि तिची 'राख' संपते ती जागा यांत १५ सेंटिमीटरचं अंतर. गोल फिरायचं तर वाटेचा घेर याहून मोठा हवा, नाही तर लाट स्वतःच्याच राखेवर येऊन विझते. मुठीएवढ्या हृदयात १५ सेंटिमीटरची मोकळी गोल वाट सहज मिळत नाही. गणिताच्या भाषेत, निरोगी हृदयात त्या समीकरणाला 'गोल फिरणारी' उकल सहजासहजी नसते. आपण जिवंत आहोत ते एका उकलीच्या नसण्यामुळे, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. थोडी अतिशयोक्ती आहे, पण त्यांच्या लक्षात राहतं.

आता जुना हार्ट अटॅक येऊन गेलेलं हृदय घ्या. जखमेच्या व्रणात अधूनमधून जिवंत स्नायूचे धागे उरलेले असतात आणि त्यांतून लाट रखडत जाते. वेग एक पंचमांश झाला तर १५ चे ३ सेंटिमीटर होतात. तीन सेंटिमीटरची वाट व्रणाभोवती सहज मिळते. जी उकल कालपर्यंत नव्हती ती आज आहे.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर १९८९ साल आठवा. आम्ही विद्यार्थी असतानाची ही सगळ्यात हादरवणारी चाचणी, नाव कास्ट. अटॅकनंतर ज्यांच्या हृदयात मधूनमधून चुकार ठोके पडतात त्यांचे मृत्यू जास्त होतात हे माहीत होतं. चुकार ठोके म्हणजे ठिणग्या. ठिणग्या विझवल्या की वणवा लागणार नाही, हे तर्काला धरून होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके छान दाबत होती. ज्यांचे ठोके औषधाने दाबले जातात हे आधी तपासलं होतं, त्याच रुग्णांना चाचणीत घेतलं. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या ७४३ पैकी २६. औषध बंद करावं लागलं. आज सर्वसाधारणपणे दिलं जाणारं स्पष्टीकरण असं: या औषधांनी ठिणग्या कमी केल्या, पण लाटेचा वेगही कमी केला, आणि व्रण असलेल्या हृदयात गोल वाटेला जागा करून दिली. ज्या हृदयात व्रण नाही तिथे हेच फ्लेकेनाइड आजही आम्ही ठरावीक रुग्णांना देतो.

आता संगणकी चाचण्यांकडे परत जाऊ. औषधांच्या हृदयावरच्या धोक्यासाठी सर्वांत पुढे गेलेलं काम २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'सिपा' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचं. त्याच्या मुळाशी आहे एक वेगळा धडा. सिसाप्राइड हे छातीतल्या जळजळीचं औषध आमच्या पिढीने डोळे झाकून लिहिलं, मीही लिहिलं. ते हृदयाच्या पेशीतली एक पोटॅशियमची वाट अडवतं, पेशीला पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि काहींना जीवघेणी लय सुरू होते. अमेरिकेत ते २००० मध्ये बाजारातून गेलं, आपल्याकडे बंदी यायला २०११ उजाडलं. असं पुन्हा घडू नये म्हणून सिपाने मानवी हृदयाच्या पेशीचं संगणकी प्रारूप घेतलं, शंभराहून अधिक मानवी हृदयांच्या माहितीवर ओहारा आणि रूडी यांनी २०११ मध्ये बांधलेलं, आणि २८ ज्ञात औषधांवर ते पारखलं. ऑक्सफर्डच्या गटाने २०१७ मध्ये ६२ औषधं अशाच प्रकारे तपासली. संगणकाचा अंदाज ८९ टक्के वेळा बरोबर आला, सशांवरच्या प्रयोगांचा ७५ टक्के. सशाने हरायलाच हवं होतं. त्याचं हृदय आपलं नाही.

पण हे दोन्ही यश एकेकट्या पेशीचे आहेत, हे बातम्यांत येत नाही. एका पेशीत लाट नसते. एका गवताच्या पात्यावर वणव्याचा अभ्यास करता येत नाही. एका पेशीच्या समीकरणांत फक्त वेळ बदलतो, जागा नसते, आणि अशा समीकरणांना उकल असते हे गणिताने फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. तिथे आपण सुरक्षित आहोत. शिवाय ते प्रारूप निरोगी हृदयांच्या माहितीतून बांधलेलं आहे. सिसाप्राइडसारखा शत्रू पेशीतच पकडता येतो. कास्टमधला शत्रू पेशीत नव्हताच, तो लाट आणि व्रण यांच्या मधल्या जागेत होता. फक्त एका पेशीवर चालणारी चाचणी त्याला हिरवा झेंडा दाखवू शकते, आणि तेही पूर्ण प्रामाणिकपणे.

त्याला पकडायचं तर स्नायूचं, लाटेचं पूर्ण समीकरण सोडवायला हवं. म्हणजे पुन्हा आदामारांच्या दारात. इथे गेल्या पंचवीस वर्षांत बरंच काम झालं आहे. इटलीतल्या पाव्हियाच्या कोल्ली फ्रान्झोने आणि सावारे यांनी २००२ मध्ये हृदयाच्या स्नायूच्या समीकरणांना, पेशीचं वर्णन सोपं ठेवून, उकल असते हे सिद्ध केलं. पुढे २००९ मध्ये वेनेरोनी यांनी पेशीच्या अधिक वास्तव वर्णनासाठी ते केलं. पाया आहे. तरी एक अडचण उरतेच, आणि ती प्रत्यक्षातली आहे. संगणक स्नायूचे चौकोन पाडून हिशेब करतो. चौकोन मोठे ठेवले तर समीकरणात असलेली लाट पडद्यावर मंदावते किंवा मधेच मरते. २०११ मध्ये जगातल्या ११ स्वतंत्र प्रणालींना स्नायूच्या एकाच लहानशा ठोकळ्यात लाट पसरवायला सांगितलं. अर्ध्या मिलिमीटरचे चौकोन घेतले तेव्हा लाट पोचण्याच्या वेळेत त्यांचं एकमत नव्हतं, चौकोन ०.१ मिलिमीटरपर्यंत बारीक केले तेव्हा उत्तरं जवळ आली. आणि गंमत म्हणजे लाट मधेच मरणं नेहमी चूकच असतं असंही नाही. हृदय पेशींचंच बनलेलं आहे आणि पेशींचे सांधे कमकुवत झाले की लाट खरोखरच अडते. जेम्स कीनर या गणितज्ञाने १९८७ मध्ये हे मांडलं. मग पडद्यावर अडलेली लाट व्रणामुळे अडली की चौकोनामुळे?

यावर एक रास्त आक्षेप आहे. हवा आणि पाणी कसं वाहतं याच्या समीकरणांना सदैव सुरळीत उकल असते का, हे आजही कोणी सिद्ध केलेलं नाही. त्यावर २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. तरीही विमानं उडतात. खरं आहे. पण विमानाचा आराखडा हवेच्या बोगद्यात आणि नंतर आकाशात तपासला जातो, संगणकाच्या शब्दावर प्रवासी बसवत नाहीत. मी गणिती सिद्धतेशिवाय औषध देऊ नका असं म्हणत नाही. तसं केलं तर आमचं औषधांचं कपाट रिकामं होईल. अमेरिकी प्रशासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठीच्या संगणकी प्रारूपांची विश्वासार्हता कशी पारखावी याची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा दोन प्रश्नांचा आहे: समीकरण बरोबर सोडवलं का, आणि समीकरण मुळात बरोबर आहे का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मान्य होणं हीच मोठी गोष्ट.

आपल्या नियमांनी दार उघडलं आहे. त्या दारातून येणाऱ्या प्रत्येक फाइलला माझ्यासारख्याने काय विचारावं? पेशी तपासली की स्नायू? स्नायू असेल तर व्रण असलेला की निरोगी? चौकोन अर्धे केल्यावर उत्तर बदललं का? आमच्या ओपीडीत येणारा पन्नाशीचा मधुमेही, एक अटॅक होऊन गेलेला माणूस या प्रारूपात कुठे बसतो? या चार प्रश्नांसाठी गणिताची पदवी लागत नाही, मला तरी नाही.

राऊंड संपताना सातव्या खाटेवरच्या काकांनी रेसिडेंटला थांबवलं. मॉनिटरवर मधूनमधून वेडावाकडा ठोका दिसत होता आणि तो दिसल्यापासून त्यांची झोप उडाली होती. "डॉक्टरसाहेब, हे थांबवायची गोळी द्या की." रेसिडेंटने माझ्याकडे पाहिलं. मी इकोचा रिपोर्ट उघडला: समोरच्या भिंतीवर जुन्या अटॅकचा व्रण. आम्ही त्यांचा बीटा ब्लॉकर तसाच ठेवला, पोटॅशियम मागवलं, आणि रेसिडेंट त्यांच्या खाटेवर बसून ती दुसरी गोळी का देत नाही हे समजावू लागला. वणव्याचं उदाहरण त्याने मराठीत माझ्यापेक्षा बरं सांगितलं.